विद्येचे झाड : मोरपंखीची लागवड आणि संगोपन

कोणत्याही शाळकरी मुलाचे जुने पाठ्यपुस्तक सहज उघडून पाहावे. कोठल्या तरी दोन पानांच्या बेचक्यात एखादी वाळलेली, चपटी, जाळीदार डहाळी हटकून सापडते. तिला आपण ‘विद्या’ म्हणतो. पुस्तकात विद्या ठेवली म्हणजे तो विषय चांगला येतो, अशी समजूत आपल्या वडीलधाऱ्यांच्या लहानपणीही होती. आजही आमच्या शाळेत परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागले की दर्शनी भिंतीलगतच्या मोरपंखीभोवती मुलामुलींची गर्दी जमू लागते.

परंतु ज्या झाडाकडून आपण विद्येची अपेक्षा करतो, त्या झाडाविषयी आपल्याला कितीशी विद्या आहे? ते मूळचे कोठले, त्याला फळ येते की नाही, उन्हाळ्यात ते हिरवे कसे राहते, असे प्रश्न कोणी विचारले असते तर तीन वर्षांपूर्वी आम्हांस एकाचेही उत्तर देता आले नसते. ते अज्ञान आमच्या बागेतील सात रोपांना भोवले. त्यानंतर जे वाचले, पाहिले आणि करून पाहिले, ते या लेखात मांडीत आहोत. शाळेच्या आवारात किंवा शहरातील घरापुढच्या हातभर जागेत हे झाड लावू इच्छिणाऱ्यांस त्याचा उपयोग व्हावा.

झाडाची ओळख

मोरपंखी हा सूचिपर्णी वृक्षांच्या वर्गातील, सरूच्या कुळातील वृक्ष होय. देवदार आणि चीड हे याच वर्गातील त्याचे दूरचे सोयरे. पण त्यांना हिमालयाची थंडी लागते. मोरपंखी मात्र माळव्याच्या पठारावर, ग्वाल्हेरच्या कडक उन्हाळ्यात किंवा दख्खनच्या कोरड्या हवेतही तग धरून राहते. म्हणून सूचिपर्णी वृक्ष कसा असतो हे हिमालयात न जाता पाहावयाचे असेल, तर मैदानी प्रदेशातील विद्यार्थ्याने मोरपंखीजवळ जाऊन उभे राहावे.

या झाडाची मूळ भूमी चीन आणि कोरियाकडची. चीनमध्ये ते देवळांच्या आणि समाधिस्थळांच्या आवारात फार पूर्वीपासून लावीत आले आहेत. तेथील काही झाडे हजार वर्षांहून अधिक वयाची मानली जातात. बीजिंग शहराने १९८७ साली या झाडाला नगरवृक्षाचा मान दिला. उत्तर चीनमधील कोरड्या, धूप झालेल्या टेकड्यांवर वने उभी करण्यासाठीही त्याची लागवड करतात.

प्रसिद्ध शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली त्याचे नाव ‘थुजा ओरिएन्टॅलिस’ असे ठेविले. पुढे इतर थुजांपेक्षा हे झाड निराळे आहे असे ठरले. खऱ्या थुजाच्या बियांना पातळ पंख असतात, याच्या बिया बिनपंखी असतात. १९४९ साली फ्रँको या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यास ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएन्टॅलिस’ हे नाव दिले. प्लॅटिक्लॅडस म्हणजे चपट्या फांद्यांचे. रोपवाटिकेत मात्र आजही ‘थुजा’ म्हणूनच मागावे लागते. आपले ‘मोरपंखी’ हे नावही त्याच चपटेपणावरून पडले आहे. मोराच्या पिसाप्रमाणे पसरट अशा त्याच्या डहाळ्या हात जोडल्यासारख्या उभ्या राहतात, ही त्याची सहज ओळखू येणारी खूण.

झाड जवळून पाहिले असता पाने कोठे आहेत हेच प्रथम उमगत नाही. ज्याला आपण ‘विद्येचे पान’ म्हणतो, ते एक पान नसून शेकडो पानांनी मढलेली डहाळी असते. एकेक पान अवघे दोन-तीन मिलिमीटर लांब, माशाच्या खवल्यासारखे आणि दांडीला घट्ट चिकटलेले असते. भिंग घेऊन पाहिल्यास खवल्यांच्या समोरासमोरच्या जोड्या एकीवर एक आडव्या-उभ्या बसविलेल्या दिसतात. बी रुजून आलेल्या कोवळ्या रोपाला मात्र प्रारंभी मऊ सुईसारखी पाने येतात. खवल्यांची पाने मागाहून येतात.

मोरपंखीला फुले येत नाहीत. एकाच झाडावर परागकण देणारे बारीक नरशंकू आणि बीज धारण करणारे स्त्रीशंकू असतात. पराग वाऱ्याने वाहून जातो. स्त्रीशंकू प्रथम निळसर हिरवा व मांसल असतो आणि त्याच्या खवल्यांना आकड्यासारखी वळलेली शिंगे असतात. तो सुमारे दीड-दोन सेंटिमीटर वाढतो, त्याच वर्षी पिकून तपकिरी होतो आणि उकलतो. आतील बी फळाच्या गरात झाकलेले नसून खवल्यावर उघडे असते, म्हणून अशा वनस्पतींना अनावृतबीजी म्हणतात. येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य वाटते. कोकणगोव्याच्या किनाऱ्यावर दिसणारा सुरू हा दिसावयास सूचिपर्णी, पण तो सपुष्प वनस्पतींपैकी आहे. त्याची ‘सुई’ ही वस्तुतः हिरवी काडी असते. सरू आणि सुरू यांत एका अक्षराचा फरक असला, तरी वनस्पतिशास्त्रात त्यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे.

पाणी जपण्याची युक्ती

वैशाखाच्या उन्हात जास्वंद माना टाकते आणि मोरपंखी जशीच्या तशी राहते, हे कसे? यासाठी आम्ही प्रयोगशाळेत एक साधा प्रयोग केला. जास्वंदीची एक डहाळी व मोरपंखीची एक डहाळी तराजूत तोलून सारख्या वजनाच्या घेतल्या आणि कापलेल्या टोकांना मेण लावून दोन्ही खिडकीत ठेविल्या. दर तासाला त्या पुन्हा तोलल्या. दुपारपर्यंत जास्वंदीची पाने सुकून लोंबू लागली व तिचे पारडे वर गेले. मोरपंखीचे वजन त्या मानाने फारच थोडे घटले होते.

याची कारणे तिच्या रचनेत आहेत. पाने लहान व दांडीला चिकटलेली असल्याने वाऱ्याला आणि उन्हाला उघडा पडणारा पृष्ठभाग थोडा असतो. त्यांवर मेणचट थर असतो. ज्या सूक्ष्म पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, ती रंध्रे पाण्याची टंचाई होताच मिटू लागतात. शिवाय सूचिपर्णी वृक्षांच्या खोडात पाणी वर नेण्यासाठी रुंद नळ्या नसून अतिशय बारीक वाहिनिका असतात. जमीन कोरडी पडली म्हणजे वर ओढल्या जाणाऱ्या पाण्याच्या धारेत हवेचा बुडबुडा शिरून ती तुटण्याचा धोका असतो. वाहिनिकांच्या भिंतींत झडपेसारखी छिद्रे असल्यामुळे असा बुडबुडा एका वाहिनिकेतून दुसरीत सहसा पसरत नाही. एक नळी बंद पडली तरी शेजारच्या चालू राहतात.

एवढे वाचून आम्हांस वाटले की असे झाड लावले म्हणजे आपले काम संपले. नेमकी तेथेच आमची चूक झाली.

बारांपैकी पाच

१९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा प्रारंभ केला, तेव्हापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशभर रोपे लावण्याचा प्रघात आहे. आमच्या शाळेनेही तीन वर्षांपूर्वी त्या निमित्ताने मोरपंखीची बारा रोपे लावली. खड्डे खणले, पाहुण्यांच्या हस्ते माती लोटली, छायाचित्रे निघाली, खाऊ वाटला. ‘या झाडाला पाणी फारसे लागत नाही’ असे कोणी तरी म्हणाले आणि ते वाक्य सर्वांनीच सोयीस्कर मानले.

पुढल्या जून महिन्यात मोजणी केली, तेव्हा बारांपैकी पाच रोपे जिवंत होती. मेलेली रोपे उपटून टाकण्यापूर्वी त्यांची मुळे पाहावीत असे गुरुजींनी सुचविले. त्या एका तासात आम्ही जे शिकलो, ते पुस्तकातून कळले नसते.

मागच्या मैदानाच्या कोपऱ्यातील चार रोपे पावसाळ्यातच पिवळी पडून पुढे तपकिरी झाली होती. छपरावरचे पाणी त्याच कोपऱ्यात साचते. आमची जमीन काळी, चिकण. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या रोपांची मुळे काळी, मऊ आणि कुबट वासाची झाली होती. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते आणि पाण्याने भरलेल्या मातीत ती मिळत नाही. पाण्यावाचून दिवस काढणारे झाड पाण्यात बुडून मेले होते.

भिंतीलगतची तीन रोपे मे महिन्याच्या सुटीत वाळली. त्यांची मुळे उपटून पाहिली, तर ती प्लास्टिकच्या पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली तशीच होती. दहा महिने जमिनीत राहूनही ती पिशवीच्या घेराबाहेर गेलीच नव्हती. लावताना कोणी ती मोकळी केली नव्हती, आणि पुढे रोज वरवर शिंपडलेले पाणी वरच्या बोटभर मातीतच मुरत असल्याने खाली उतरण्याचे त्यांना कारणच पडले नाही.

यावरून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली. मोरपंखीचा काटकपणा केवळ तिच्या पानांत नाही. तो जमिनीत दूर पसरलेल्या मुळांत आहे, आणि ती मुळे पसरावयास दोन-तीन वर्षे लागतात. तोपर्यंत ती इतर कोणत्याही रोपासारखीच परावलंबी असते. अवर्षणात टिकणाऱ्या झाडालाही आधी पाणी घालूनच वाढवावे लागते.

लागवड कशी करावी

त्याच जुलैमध्ये आम्ही पुन्हा सात रोपे लावली. या खेपेस प्रथम जागेची परीक्षा केली. एक फूट खोल खड्डा खणून तो संध्याकाळी पाण्याने भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. ज्या खड्ड्यात अजून पाणी दिसले, ती जागा सोडून दिली. जागा उन्हाची असावी. सावलीत मोरपंखी विरळ व किडकिडीत वाढते.

काळ्या जमिनीत नुसता खोल खड्डा खणून त्यात मऊ माती भरली, तर पावसाळ्यात त्याचेच टाके होते. म्हणून आम्ही सुमारे दीड फूट लांबी, रुंदी व खोलीचा खड्डा खणून निघालेल्या मातीत थोडा मुरूम व कुजलेले शेणखत मिसळले आणि ती परत भरून जमिनीपासून वीतभर उंच असा पसरट उंचवटा केला. रोप त्या उंचवट्यावर लावले. पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी बाजूने लहानशी चरही काढली.

पिशवी कापून पूर्णपणे काढून टाकावी. गुंडाळलेली मुळे बोटांनी हलकेच मोकळी करावीत. फार घट्ट वेटोळे असेल तर ते एक-दोन ठिकाणी कापावे. पिशवीत रोप जेवढे मातीत होते तेवढेच येथेही असावे. खोडाचा बुंधा मातीत पुरू नये. कुंपणासाठी लावावयाचे असल्यास दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरते. एकेकटे झाड वाढवावयाचे असल्यास ते भिंतीपासून निदान सहा फूट दूर असावे, म्हणजे त्याचा शंकूसारखा डौल सर्व बाजूंनी राहतो.

बियांपासून रोपे करण्याची हौस असणाऱ्यांनी पावसाळा सरल्यावर शंकू तपकिरी होऊन उकलू लागताच ते काढावेत, बी रात्रभर भिजवून निचऱ्याच्या वाळूमिश्रित मातीत अर्धा इंच खोल पेरावे व माती ओलसर ठेवावी. बी उगवावयास काही आठवडे लागतात. धीर सोडू नये.

पहिले दोन उन्हाळे

पाणी रोज थोडे घालण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने भरपूर घालावे, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळे तिच्यामागे जातात. आम्ही पाऊस थांबल्यावर थंडीत आठवड्यातून एकदा दर रोपास एक बादली, व उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा एक बादली, असा क्रम पहिल्या वर्षी ठेविला. दुसऱ्या वर्षी अंतर वाढवीत नेले. हे प्रमाण आमच्या जमिनीचे आहे. आपल्या जमिनीचे प्रमाण ठरविण्यासाठी बोटभर खोल माती उकरून पाहावी आणि ती ओली असेल तर पाणी घालू नये. बुंध्याभोवती चार बोटे जाडीचा वाळलेल्या पालापाचोळ्याचा थर द्यावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये.

खरा प्रश्न मे महिन्याच्या सुटीचा. त्याला आपल्याकडील जुनी मडक्याची युक्ती कामी आली. प्रत्येक रोपापासून फूटभर अंतरावर एक कच्चे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरले आणि त्यावर झाकणी ठेविली. मडक्यात भरलेले पाणी त्याच्या भिंतीतून हळूहळू झिरपते व मुळे तिकडे वळतात. शाळेजवळ राहणाऱ्या चौदा विद्यार्थ्यांनी जोडीजोडीने वार वाटून घेतले. शाळा चालू असताना घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या बाटलीत उरलेले पाणी गटारात न ओतता एखाद्या मडक्यात ओतावे, असाही नियम केला. एका मुलाचे उरलेले पाणी घोटभरच असते, पण एका वर्गाचे मिळून मडके भरते.

सात रोपांपैकी सहा रोपांनी दोन उन्हाळे पार केले. सातवे उन्हाने नव्हे, क्रिकेटच्या चेंडूने मोडले.

संगोपन करताना पाने तपकिरी झालेली पाहून घाबरण्याचे कारण नाही. आधी कोणती पाने तपकिरी झाली ते पाहावे. झाडाच्या आतल्या, खोडाजवळच्या जुन्या डहाळ्या वाळून गळणे स्वाभाविक होय. सदाहरित म्हणजे ज्याची पाने कधीच गळत नाहीत असे नव्हे. सर्व पाने एकदम गळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. कडक थंडीत सर्व झाडावर किंचित तांबूस छटा येते व ती वसंतात जाते. परंतु पावसाळ्यात झाड पिवळे पडू लागले तर मुळाशी पाणी साचले आहे असे समजावे. उन्हाळ्यात पाने धुळकट, निस्तेज दिसून त्यांवर बारीक जाळे आढळले तर तो कोळी जातीच्या सूक्ष्म किडीचा उपद्रव असतो. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुतल्यास धूळही जाते आणि कीडही कमी होते. पाने कोणी चावू नयेत. त्यांतील तेल पोटात जाणे अपायकारक आहे.

हे झाड सर्व कामांचे नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याची सावली फार थोडी. मैदानावर मुलांना बसण्यासाठी कडुनिंब, चिंच किंवा वड यांची जागा ते घेऊ शकत नाही आणि ती त्याला देऊही नये. त्याचे स्थान कुंपणालगत, रस्त्याच्या बाजूस आणि अरुंद पट्टीत आहे. तेथे ते बारमाही हिरवा आडोसा देते व लहान पक्ष्यांना घरट्यासाठी दाट जागा देते. आमच्या एका झाडात बुलबुलाचे घरटे झाले, तेव्हा त्या बाजूची छाटणी आम्ही पिले उडून जाईपर्यंत थांबविली.

पाने तोडणाऱ्या मित्रांस

वाचलेल्या पहिल्या पाच झाडांपैकी दोन झाडांची रस्त्याकडची बाजू कमरेच्या उंचीपर्यंत आज उघडी पडली आहे. त्यांना कीड लागली नाही, पाण्याचाही तोटा झाला नाही. येताजाता विद्येसाठी हात लावणाऱ्या आम्हां सर्वांचे ते काम होय.

तुळस खुडली तर तिला पुन्हा फुटवे येतात. मोरपंखीचे तसे नाही. तिचे हिरवे शेंडे थोडे छाटले तर ती अधिक दाट होते, परंतु डहाळ्या ओरबाडून जुने तपकिरी लाकूड उघडे पडले, तर त्यातून नवी पालवी सहसा फुटत नाही. ती जागा कायमची रिकामी राहते. एका डहाळीने काय होते, असे प्रत्येकाला वाटते; पण शाळेत सहाशे मुले आहेत आणि झाडाची वाढ वर्षाला वीत-दीड वीत.

मित्रांची ही समजूत मोडावी असे आम्हांस वाटत नाही. परीक्षेच्या दिवशी पुस्तकातील एक हिरवी डहाळी मनाला धीर देत असेल, तर तो धीर कोणी का काढून घ्यावा? म्हणून आम्ही तडजोड केली आहे. पहिला पाऊस पडून गेल्यावर आमचे बागकाम मंडळ झाडांची हलकी छाटणी करते. निघालेल्या डहाळ्या टोपलीत भरून वर्गावर्गात वाटल्या जातात आणि ज्याला हवी त्याला विद्या मिळते. वर्षभर झाडाला मात्र कोणी हात लावावयाचा नाही. ज्याला परीक्षेच्या वेळी दुसरी डहाळी हवी असेल, त्याने मे महिन्यातील एका आठवड्याच्या पाण्याच्या पाळीत आपले नाव लिहावे.

यंदाच्या पाळीची वही ग्रंथालयाच्या दारापाशी टांगलेली आहे. तीत अद्याप तीन वार रिकामे आहेत.